मामा दिसून नाही राहिला

"समदं चांगलं आहे, पन याच्यात मामा दिसून नाही राहिला."

नाचगाण्याचा कुठलाही व्हिडिओ पाहून संपला की भाऊ खुर्चीत मागे रेलत आणि हे वाक्य टाकत. भाऊ म्हणजे अमरावतीतल्या आमच्या दुकानातले मिक्सिंगवाले. लग्नं मी शूट करायचो, ती कापून-जोडून पाहण्यासारखी करायचे ते. आमच्याकडे लग्नाच्या व्हिडिओत एखादा मामा राहून गेला, तर बोलणं बंद होण्यापर्यंत वेळ येते. त्यामुळे भाऊंची नजर कुठेही गेली तरी आधी मामाच शोधायची.

दुपारी काम नसलं की ते मोठ्या शहरांतली चकचकीत गाणी लावत, आम्हाला समोर बसवत आणि त्यांची चिरफाड करत. "पाह्य, पोरगी मस्त गिरकी घेऊन राहिली, आन् यानं तिचे तुकडेच करून टाकले. भाजी चिरून राहिला काय लेका?" ड्रोननं घेतलेलं दृश्य आलं की ते चक्क हात जोडत. "हे घारीनं काढलं. घारीले नाचातलं काय समजते?"

तुम्ही हसाल. आम्हीही हसायचो. पण माणसाचं म्हणणं पक्कं होतं. "नाचनारी नाचते. गोष्ट घडते ते पाहनाऱ्यापाशी. पाहनाराच दाखवला नाही, तं ते कसरत झाली."

"पण भाऊ, गाण्यात मामा कुठून आणायचा?" मी एकदा विचारलं.

"बाप घ्या मंग. मले काही अडचन नाही."

तर एकदा तिवशाची एक पोरगी दुकानात आली. अमरावतीत कॉलेजला होती, नाचाच्या क्लासला जायची. स्वतः लिहिलेल्या वऱ्हाडी गाण्यावर तिला व्हिडिओ करायचा होता. बापाची अट अशी, की लोकांच्या आधी तो स्वतः पाहणार. पटला नाही तर व्हिडिओ रद्द आणि नाचाचा क्लासही बंद. हे सांगताना तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

शूटिंग त्यांच्याच वावरात झालं. पोरगी डोळ्यांसमोर हवी, हा बापाचाच हुकूम. प्रत्यक्षात तो गडी दिवसभर आमच्याकडे पाठ करून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहिला. जसं काही त्या दिवशी तुरीच नाचणार होत्या.

भाऊंनी पहिली जोडणी दाखवली आणि पोरीनं कपाळाला हात लावला. चहा आणणारी काकू, बैलजोडीचा मालक, स्पीकर धरून उभा असलेला चुलतभाऊ, सगळे एकेकदा कॅमेऱ्याकडे पाहून हसून गेले होते.

"भाऊ, हे लग्न नोहे, गानं आहे!"

"हात बसला ना बाई," भाऊ ओशाळून म्हणाले आणि त्यांनी सगळी वऱ्हाडी मंडळी निमूटपणे बाहेर काढली.

काढता काढता ते एका जागी थबकले. पोरीची पावलं मी जमिनीलगत कॅमेरा ठेवून घेतली होती. त्या पावलांच्या मागे, दूर धुऱ्यावर, पाठमोऱ्या बापाची टाच ठेक्यावर हलत होती. भाऊंनी ती मोठी केली आणि शेवटच्या कडव्यात बसवली.

पोरगी घाबरली. "बाबा चिडतीन."

"चिडू दे. मी आहो ना."

बाप आला. खुर्चीच्या टोकावर बसून पाहत राहिला. शेवटचं कडवं लागलं, टाच आली.

"हा पाय कोनाचा आहे?"

भाऊंनी त्याच्याच पायांकडे पाहिलं.

"काढा ते."

"काढतो," भाऊ शांतपणे म्हणाले. "पन मंग मले सांगा, हे पोरगी कोनासाठी नाचून राहिली?"

बापानं लेकीकडे पाहिलं. ती फरशीकडे पाहत होती. मग तो म्हणाला, "पुन्हा लावा." पुन्हा लावलं. या वेळी टाच आली तेव्हा तो पुढे वाकला. "थोडा उजेड टाका ना याच्यावर. पाय नीट ओळखू नाही येऊन राहिला."

भाऊंनी उजेड टाकला. व्हिडिओ लोकांपर्यंत गेला, पोरीचा क्लासही चालू राहिला. नंतर कितीतरी दिवस भाऊ दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती टाच दाखवत होते. नवरदेवाकडचे लोक अल्बमचं विचारायला आले, तरी आधी टाच.

गेल्या उन्हाळ्यात ते अकोल्याला लेकीकडे गेले. तिथेच झोपेत गेले. त्यांच्या खुर्चीवर आता नवा माणूस बसतो. भराभर कापतो, गिऱ्हाइकं खूश असतात. मला मात्र दुपारी दुकानात करमत नाही.

परवा तिवशाहून फोन आला. पोरीचा बाप होता. भाऊ गेल्याचं त्याला कोणाकडून तरी उशिरा कळलं होतं.

"पोरीनं दुसरं गानं लिहिलं," तो म्हणाला. "मीच म्हनलं होतं तिले, लिही म्हनून. आता ते जोडीन कोन?"

मी "पाहतो" म्हणालो. पण फोन त्यानंही ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही.