माजलेला जाईचा वेल

वेल माजला होता आणि तो माजवला मीच, हे आधी कबूल करते.

अमरावतीच्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात होता तो. लग्नात आईनं तिच्या विहिरीवरच्या जाईची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्याबरोबर दिली होती. पुढं आई गेली. मग साता समुद्रापलीकडं कुठं लढाई लागली म्हणे, आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. माझ्या भावानं आईची विहिरीवरची बाग नांगरून तिथं कपाशी लावली. जाई गेली. मला कळलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. आईच्या हातचं आता माझ्या अंगणातलं तेवढंच उरलं होतं.

म्हणून मी त्या वेलाचे लाड केले. घरात कापसातली सरकी काढायचा रेचा चालायचा, सरकीचे ढीग पडलेले. गाईम्हशींना घालून उरलेली सरकी कुजवून मी त्याच्या बुडाशी ओतत गेले. वेल छपरावर चढला, अंगणातल्या विहिरीच्या रहाटात घुसला, अंगणात ऊन येईना. फूल मात्र दोन वर्षं एक नाही.

शेवटी हे म्हणाले, "आखाडापर्यंत फूल दिसलं नाई, तर मुळासकट काढतो. कापूस ठेवाले जागा नाई, आन् हे जंगल कायले?"

मी जवळच्या मळ्यातली म्हातारी माळीण बोलावली. माघातली सकाळ होती. तिनं बुडाची मूठभर माती उचलून हुंगली आणि हसायलाच लागली.

"काय चारून रायली वं बाई याले?"

"सरकी."

"अवं, सरकी म्हशीले देतेत! हा काय दूध देनार हाय? खाऊन खाऊन माजला. आता उपाशी ठेवा लागते याले."

तिनं विळा काढला. मला वाटलं, शेंडे खुडेल. दुपारी येऊन पाहते तर गुडघ्याएवढे चार खुंट! माझं डोकंच फिरलं.

"मारलं वं तू त्याले! माह्या मायचा वेल होता तो. विहिरीवरचा भावानं उपटला, हा एकच होता!"

ती तान्ह्या लेकराच्या टाळूला तेल लावावं तसं एकेका कापाला शेण लावत बसली होती. मग बोटाएवढ्या जाड काड्या निवडून तिनं मोळी बांधली, डोक्यावर घेतली.

"ने, ने! चुलीत घाल!" मी मागून खेकसले. मजुरी म्हणून सुपात काढून ठेवलेली ज्वारीही न घेता ती गेली.

फाल्गुन कोरडाच गेला. हे रोज खुंटांकडे बघायचे आणि आखाडाला उरलेले दिवस बोटांवर मोजायचे, त्याचाच मला जास्त राग यायचा. चैत्रात कोंब फुटले. जेठ सरता सरता एका सकाळी विहिरीवरून यांची हाक आली, "अवं, इकडं ये लवकर!" शेंड्यावर पांढरं फूल होतं. त्या दिवशी यांनी कापसाचं छप्पर दुसऱ्या बाजूला घालायला सांगितलं. काय हात होता हो त्या म्हातारीचा! नुसती माती हुंगून तिनं माझी चूक ओळखली होती.

श्रावणात ती स्वतःच आली. कडेवर फुटक्या माठाचं बूड, त्यात जाईचं रोप.

"चुलीत नाई घातल्या वं काड्या. लावल्या. हे तुह्या मायच्या विहिरीवर ने."

मी तिच्या पाया पडले. दुसरं काय करणार? तोंड कुठं होतं मला?

दमणीला बैल जुंपून माहेरी गेले. कपाशी पार विहिरीच्या काठाला भिडली होती. मी रोप हातात धरून उभी राहिले. पान बघून भावानं ओळखलं. तो खाली बसला आणि त्या सोन्याच्या दिवसांत पात्या-कळ्या धरलेली कपाशीची चार झाडं त्यानं आपल्या हातानं उपटली.

"एवढी जागा पुरंल का वं, बाई?" त्यानं विचारलं.

"पुरंल," मी म्हटलं. "पन सरकी घालू नोको."