येत्या रविवारी

आमच्या पेडण्यात कुणाला तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. लग्नाचं आमंत्रण असो की उसनी मागितलेली शिडी असो, "बघूया", "येतंय मगे", "फुडल्या आयतारा" म्हणजे पुढच्या रविवारी, यांच्यावर आमचा संसार चालतो. देवालाही आम्ही असंच वागवतो. कोजागिरीच्या पुनवेला आमचा देव रुसतो आणि मला देऊळ बांधून द्या म्हणत रानाकडे धावत सुटतो. गावकरी मागून धावतात, त्याला गाठतात आणि "बांदूया रे म्हाराजा, फुडल्या वर्सा बांदूया" म्हणून समजूत घालून परत आणतात. दर वर्षी तो रुसतो आणि दर वर्षी आम्ही तेच सांगतो. शाळेत असताना मी वडिलांना विचारलं होतं, मग एकदाचं बांधून का टाकत नाही? ते म्हणाले, "देऊळ बांदलां तर तो पुनवेक धांवतलो कशाक?" मला ते उत्तर तेव्हा फार आवडलं होतं.

याच सवयीनं मी कोरियात एका म्हातारीला सव्वा वर्ष झुलवत ठेवलं. परत येऊनही बरेच दिवस झाले, आता मी डिचोलीच्या शाळेत शिकवते. तरी रविवारी सकाळी दार उघडताना माझा हात कडीवर थबकतो. बाहेर पायरीवर ती बसलेली असेल, बूट घालून, असं वाटतं. मी काही घाबरट बाई नाही. पण रविवारी मी आधी खिडकीतून बघते आणि मगच दार उघडते.

आमची गुरं ज्या मोपाच्या पठारावर चरायची तिथे आता विमानं उतरतात. तिथूनच मी गेले. नोकरी डोंगरातल्या एका लहान गावात होती. एक बाजार, एक बसस्टँड आणि एक प्राथमिक शाळा, जिच्या सहावीच्या वर्गात जेमतेम नऊ मुलं. मी त्यांची इंग्रजीची परदेशी शिक्षिका. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, तुम्ही घरी हत्तीवरून जाता का? फक्त सोमवारी, असं मी गंभीरपणे सांगितलं आणि पुढचा महिनाभर ते निस्तरत बसले.

शाळेनं मला राहायला एका म्हातारीच्या घरामागची खोली दिली होती. ती ऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली. आधारासाठी बाबागाडीसारखी एक चार चाकांची गाडी ढकलत चालायची. मी तिला हालमोनी म्हणायचे, म्हणजे आजी. ती मला सनसेंगनिम म्हणायची, म्हणजे बाई, आपल्या शाळेतल्या बाई. माझ्या दाराशी उकडलेली रताळी ठेवून जायची, कधी मुळ्याचं झणझणीत लोणचं. घरून आई फोनवर विचारायची, "पाव तरी मेळता मगे थंय?" मी रताळ्यांचा फोटो पाठवायचे.

सुट्टीच्या दिवशी मी घरात टिकायचे नाही. एवढ्या लांब आलोय तर सगळं बघून घ्यायचं, असा माझा हट्ट होता. राजवाडे, डोंगरावरचे बौद्ध मठ, चेरीच्या फुलांनी भरलेले रस्ते, भाड्याचा रेशमी पोशाख घालून काढलेले फोटो. पेडण्यातल्या नातेवाइकांना माझ्या फोटोंचा वीट आला असणार, पण तेही नाही म्हणणारे नव्हेत.

पहिल्या शरद ऋतूत, अंगणात चटईवर लाल मिरच्या वाळत असताना, हालमोनीनं मला जवळ बसवलं आणि माझा फोन मागितला. आमचं जड बोलणं फोनच्या भाषांतरावर चालायचं. ती फोनच्या कानात सांगितल्यासारखी बराच वेळ हळू आवाजात बोलली. मग फोनमधली बाई बातम्या वाचल्यासारखं मराठीत म्हणाली, "माझं गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. माझी पहिली मुलगी तिथे आहे."

हळूहळू सगळं कळलं. धरणात पाणी अडवण्याआधी गावानं आपल्या पूर्वजांची थडगी मानानं उकरून वर डोंगरावर नेली होती. पण तान्ह्या मुलांना तिथे थडगं बांधत नसत, दगडही ठेवत नसत. हालमोनीची मुलगी सात महिन्यांची होऊन गेलेली. वर काही खूण नाही, म्हणून हलवायच्या थडग्यांत तिला कुणी धरलंच नाही आणि ती तिथेच राहिली. मुलगा नंतर नव्या गावात जन्मला. त्याला तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. तिला एकदा त्या तळ्यावर जायचं होतं आणि कुणाला तरी ती जागा बोटानं दाखवून ठेवायची होती. आपल्यामागे ती जागा कुणालाच ठाऊक नसेल, याची तिला धास्ती होती. मलाच का, असं मी विचारलं. परक्या माणसाला सांगायला सोपं जातं, असं फोन म्हणाला.

हे मला कळायला हवं होतं. दात न आलेल्या मुलांना आमच्याकडेही पुरतात. माझ्याआधीचं माझ्या आईचं एक मूल आमच्या बागायतीतल्या एका काजूच्या झाडाखाली आहे, आणि त्या झाडाचे काजू आम्ही आजवर खाल्लेले नाहीत. जाता येता आई त्या झाडाला नुसता हात लावते. मी तिची मुलगी, आणि मी हालमोनीला म्हणाले, "जाऊया ना. येत्या रविवारी."

रविवारी सकाळी मी सोलची गाडी पकडायला बाहेर पडले, तर ती पुढच्या दाराच्या पायरीवर बसलेली. पांढरा सदरा, स्वच्छ पुसलेले बूट, मांडीवर कापडाचं गाठोडं. गाठोड्यातून दुधाचा छोटा खोका डोकावत होता. मी विसरलेच होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तिकीट काढलेलं होतं. "आज नाही हालमोनी. येत्या रविवारी." तिनं दोनदा मान हलवली, बूट काढले आणि आत गेली. पुढच्या रविवारी ती पुन्हा बसली होती, त्याच्या पुढच्याही. मग मी मागच्या फाटकातून जायला शिकले.

माझ्याकडे कारणं होती. दोन बस बदलायच्या, तिचे गुडघे, मी परदेशी, वाटेत ती पडली तर मी कुणाला काय सांगणार? कारणं खोटी नव्हती. पण खरं सांगायचं तर मला त्या तळ्याची भीती वाटायची. तिथे ती रडेल आणि मी बाजूला हात लोंबकळत उभी राहीन, हे डोळ्यांसमोर यायचं. राजवाड्यांत तसली भीती नसते. हिवाळ्यात म्हटलं, वसंतात जाऊ. वसंतात म्हटलं, पाऊस संपू दे. नाही असं मी एकदाही म्हटलं नाही, आणि त्याला मी माझा चांगुलपणा समजत होते.

दुसऱ्या वर्षी पुन्हा मिरच्या वाळत होत्या. तिनं मला थांबवलं आणि चटईवर मिरच्या मांडायला लागली. ही विहीर. हा रस्ता. हे पर्सिमनचं झाड, आपल्या टोमॅटोसारख्या केशरी फळांचं. झाडापासून वर चढाकडे तिचं बोट निघालं. लाल पानांचे डोंगर बघायला जाणारी माझी बस वीस मिनिटांत सुटणार होती. "हे तिथेच दाखवा ना," मी म्हणाले, "येत्या रविवारी." बोट थांबलं. तिनं तळहातानं सगळ्या मिरच्या पुन्हा एकत्र केल्या. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

जानेवारीच्या सुट्टीत मी जत्रेसाठी घरी आले. तिथेच शाळेचा निरोप आला, हालमोनी आठवडाभर इस्पितळात होती आणि गेली. परतले तेव्हा तिची गाडी भिंतीला टेकवलेली होती आणि तिच्यावर बर्फ साचलं होतं. समोरचं दार बंद होतं. तरी त्या आठवड्यात रोज सकाळी मला अंगणातून चाकांची कुरकुर ऐकू यायची, आणि मी पांघरुणात श्वास रोखून पडून राहायचे. रविवारी तर मी मागच्या फाटकानंसुद्धा बाहेर पडले नाही.

मग तिचा मुलगा घर रिकामं करायला आला. पन्नाशी उलटलेला, शांत माणूस, अडखळत पण नीट इंग्रजी बोलणारा. त्यानं मला कमरेत वाकून नमस्कार केला आणि आभार मानले. मी म्हटलं, कशाचे? तो म्हणाला, "आईला तुम्ही तळ्यावर नेणार होतात ना. शरदातल्या सणाला मी घरी आलो होतो. तिला जुनं गाव बघायचंय एवढंच मला माहीत होतं. गाडी दाराशी लावली, चल म्हटलं, आत्ता जाऊन येऊ. ती बसायला तयार होईना. म्हणाली, बाईंनी येत्या रविवारी न्यायचं कबूल केलंय. मी आज तुझ्याबरोबर गेले तर बाईंचा शब्द खोटा पडेल."

त्याच्या आवाजात राग नव्हता.  आपल्याला एक मोठी बहीण होती, हे त्याला इस्पितळात, शेवटच्या दिवसांत कळलं होतं. कुठे ठेवलीय ते विचारेपर्यंत आईचं बोलणं थांबलं. "तुम्हाला तळ्यावर येता येईल का?" त्यानं विचारलं. मी लगेच निघाले.

गाडीनं पस्तीस मिनिटं लागली. तळ्याच्या कडा गोठल्या होत्या, मधलं पाणी काळं होतं. वारा नव्हता. कठड्याशी आम्ही उभे राहिलो. समोर तीन बाजूंना डोंगर आणि खाली नुसतं पाणी. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "कुठल्या बाजूला? आईनं तुम्हाला सांगितलं असेल."

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "ती सांगत होती. मी ऐकून घेतलं नाही."

 त्यानं टोपी काढली, बर्फात गुडघे टेकले, आणि दिशा माहीत नसल्यामुळे एकदा डावीकडे, एकदा समोर आणि एकदा उजवीकडे डोकं टेकवलं.