आजोबांच्या खिशातला खण

बाळांनो, परवा तुमच्यापैकी थोरल्याने फोनवर चार बो-टायांचे फोटो पाठवले आणि आजोबांना विचारले की ऑफिसच्या मोठ्या जेवणाला यातला कोणता शोभेल. आजोबांनी 'काळा' एवढेच लिहिले आणि चहा मागितला. या विषयात त्यांना इतका अधिकार कुठून आला, हे तुम्हाला ठाऊक नाही. आता थोरल्या, तूही असा बांधून जाणार आहेस, तेव्हा मीच सांगून टाकते. आजोबा सांगतील तर अर्धे गाळतील.

तुमच्या काकाचे लग्न ठरायच्या बेतात होते तेव्हाची गोष्ट. मुलगी, म्हणजे तुमची काकू, त्याच्याच कॉलेजात शिकवायची. तिचे वडील फौजेत, नुकतेच बदलून जबलपूरला आलेले. वडिलांचा होकार होता, पण आई काही बोलत नव्हती. बाई फार काटेकोर, असे ऐकून होतो. अशात त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या जेवणाचे आमंत्रण आले. कार्डावर खाली लिहिलेले: पुरुषांनी काळा सूट आणि बो-टाय.

काकाचा चेहरा उतरला. तुमचे आजोबा फॅक्टरीत असल्यापासून प्रत्येक समारंभाला एकच पोशाख करत आले होते: टाय, आणि त्यावर मी विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर.

"बाबा, स्वेटर नाही हं," काका म्हणाला.

"काहून? स्वेटरनं काय बिघडवलं तुझं?"

पण मुलासाठी ते तयार झाले. त्यांचा स्वतःच्या लग्नातला काळा सूट आम्ही सैल करून घेतला. दीक्षितपुऱ्यातल्या शिंप्याने शर्टाच्या बाह्यांचे कफ दुहेरी करून दिले, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेली आणि डबीतून कधी बाहेर न आलेली कफलिंक्सची जोडी एकदाची कामाला लागली. मग बो-टायसाठी ओमतीच्या बाजारात गेलो. दुकानदाराने आधी चमकणारा लाल काढला. काळा दाखवा म्हटले, तर म्हणाला, "आंटीजी, शादी में तो लाल ही चलता है." आजोबांनी तो गळ्याशी धरून आरशात पाहिले आणि वरातीत बँडवाल्यांबरोबर वाजवायला क्लॅरिनेट कोण देणार, असे विचारले. शेवटी काळा मिळाला. त्याच्या जोडीला त्याच कापडाचा खिशातला रुमाल होता, तो मात्र मी परत केला. टाय आणि रुमाल एकाच कापडाचे नसावेत, हे मी कॉलेजात असताना कुठेतरी वाचले होते आणि ते ज्ञान वापरायची संधी मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मिळत होती.

रुमाल आणायचा कुठून? घरात रेशमी कापडाला तोटा नव्हता. आपल्या बायका हळदीकुंकवाला, बारशाला, जाताना-येताना एकमेकींची ओटी भरतात आणि ओटीत खण घालतात, ब्लाउजपुरता तुकडा. तो कोणी शिवत नाही. पुढच्या घरी तोच जातो. जबलपुरातली मराठी घरे मोजकी, त्यामुळे हे खण गावभर फिरत राहतात. ज्या बाईने दिला तिलाच परत जाऊ नये म्हणून मी प्रत्येक खणाला टाचणीने तिच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवते. माझ्या या पद्धतीचा मला अभिमान होता. त्या गठ्ठ्यातून मी एक सुरेख डाळिंबी खण निवडला. चिठ्ठी बँकेतल्या वहिनींची. एका कोपऱ्यात काठाचा पिवळा धागा भरकटून बुट्टीवर चढला होता, पण तो कोपरा खिशात तळाशी गेला की कुणाला दिसणार? मी चौकोन कापला, कडा दुमडून शिवल्या आणि आजोबांच्या खिशात खोचला.

"म्हणजे आज माझी ओटी भरली म्हण," आजोबा म्हणाले.

जेवणाच्या ठिकाणी काकूची आई दारातच उभी होती. तिने हसून नमस्कार केला, पण तिची नजर आजोबांच्या चेहऱ्यावर न जाता छातीवर थांबली. मला वाटले, बो वाकडा झाला. आजोबांनाही तसेच वाटले असावे, कारण त्यानंतर त्यांनी तो दर दोन मिनिटांनी चाचपून खरोखरच वाकडा केला. काका लांबून हे पाहून पाणी पीत होता. थोड्या वेळाने बाईंनी मला एका बाजूला घेतले.

"तुमच्या मिस्टरांचा रुमाल छान आहे. कुठे घेतला?"

"घरातलाच आहे."

"खालच्या कोपऱ्यात पिवळा धागा भरकटलाय का हो?"

इंग्रजीत एम.ए. केलेल्या मला त्या क्षणी कुठल्याच भाषेत थाप सुचली नाही. "आहे," मी म्हणाले. "म्हणून तर तो खाली घातला."

त्यांनी वळून पुन्हा एकदा आजोबांच्या खिशाकडे पाहिले. माझ्या डोळ्यांसमोर काकाचे मोडलेले लग्न उभे राहिले. चिठ्ठीवर देणारीचे नाव असते, तिला कुणी दिला त्याचे नसते, ही माझ्या पद्धतीतली खोट तेव्हा कळली.

मग त्या हळूच म्हणाल्या, "आणि मी तो म्हणूनच दिला होता. बँकेतल्या वहिनींना, संक्रांतीला."

"त्यांनी मला चैत्रात दिला."

आम्ही एकमेकींकडे पाहिले. आधी त्या हसल्या की मी, ते आठवत नाही, पण यजमान फौजी आवाजात काय झाले म्हणून विचारू लागले, इतके हसलो. बाई सरळ आजोबांपाशी गेल्या, त्यांचा रुमाल नीट केला, धागा खालीच आहे याची खात्री केली आणि वळून मला म्हणाल्या, "चला विहीणबाई, सूप गार होतंय."

विहीणबाई. काकाने ते ऐकले आणि त्याच्या हातचा चमचा खाली पडला. आजोबांना तेवढ्यावरून काहीच कळले नाही. घरी येताना रिक्षात ते म्हणाले की बाईंना बो आवडलेला दिसतो.

लग्नात विहीणबाईंनी माझी ओटी भरली तेव्हा खण आधी पूर्ण उलगडून, चारही कोपरे मला दाखवले. मीही दाखवले. बाकीच्या बायकांना ही त्यांच्याकडची रीत वाटली, आणि आता दोघीतिघींनी ती उचललीही आहे.

बो-टायचा हूक गेल्या वर्षी तुटला. कफलिंक्सपैकी एक कांचघरच्या धोब्याकडे शर्टाबरोबर गेली, ती आली नाही. रुमाल आहे. आजोबांच्या काळ्या कोटाच्या वरच्या खिशात, धाग्याचा कोपरा तळाशी.