त्याच्याच नावाचं पार्लर

गुन्हा नेमका कुणावर नोंदवायचा, याचा मला अर्धा दिवस उलगडा होईना. म्हणूनच ते प्रकरण अजून मनातून गेलेलं नाही.

मी तेव्हा पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो, निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. संगमेश्वरजवळ महामार्गालगतच्या कातकरी वाडीत, वाडीतल्याच एका तरुणाच्या नावावर व्हिडिओ गेम पार्लर चालायचं. आत पैसे लावून जुगार. खरा मालक शहरातला एक व्यापारी आहे, हे सगळे जाणून होते, पुरावा नव्हता. 'आदिवासींचा स्वतःचा धंदा' म्हणून तो मिरवायचा. मागच्या जागेवर आणखी मोठा हॉल बांधायची तयारी सुरू झाली, तेव्हा वाडीतल्या आणि शेजारच्या गावातल्या बायका रस्त्यावर बसल्या.

एका सकाळी व्यापाऱ्याचा मॅनेजर ठाण्यात आला. रात्रीतून पार्लरमधली सगळी मशिनं कुणीतरी फोडली होती. त्याने बायकांच्या पुढारणीवर संशय घेतला. तिला जबाबासाठी बोलावलं. पन्नाशीची बाई, खुर्ची दिली तरी उभीच राहिली.

"आमी आरडलो साहेब, रस्ता अडवला. पन मशिनींना हात नाय लावला. लावला असता तर सांगितलं असतं."

तेवढ्यात पार्लरसमोरच्या चहावाल्याचा फोन आला. "साहेब, बायकांना कशाला बोलावलंत? आधी कुलूप बघा ना."

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. कुलूप शाबूत, खिडक्यांचे गज जागेवर. किल्ल्या दोघांकडेच. मॅनेजर आदल्या संध्याकाळपासून रत्नागिरीत होता, याची खात्री करून घेतली. उरला तो तरुण.

चौकशीत मी सहसा आवाज चढवत नसे. आधी घरचं विचारायचो. "घरी कोण कोण?"

"भाव हाय. मोठा." तो खाली बघत पुढे सांगू लागला.

"त्यानंच मला नदीत मासे धरायला शिकवलं. परवा बापाचं जाळं विकून तो खेळायला आला. दार मीच उघडून दिलं, साहेब." मग मान वर करून म्हणाला, "मशीन मी फोडली. धंदा माझ्या नावावर हाय ना? माझंच मी फोडलं, तर गुन्हा कसला?"

मी मॅनेजरला आत बोलावून विचारलं, "मशीन कुणाची?"

तो "शेठची" म्हणायला गेला आणि मध्येच अडखळला. फोन करायला बाहेर पडला. परतला तो फिर्याद मागे घ्यायची म्हणतच.

मी तरुणाला स्पष्ट सांगितलं, "धंदा तुझा म्हणशील तर जुगाराचा गुन्हा तुझ्यावरही लागेल."

"लावा. पन शेठवर पन लावा."

त्याने सविस्तर जबाब दिला. पैसे कोण न्यायचं, मशिनं कुठून आली, सगळं. त्यावरून दोघांवरही जुगाराचा गुन्हा दाखल झाला. पुढे कोर्टात दोघांनाही दंड झाला. पार्लर बंद पडलं, हॉल झालाच नाही. तो तरुण जांभा दगडाच्या चिरेखाणीवर कामाला लागला. निकालाच्या दिवशी ती पुढारीण कोर्टाबाहेर आली होती. याआधी ती त्याच्याशी बोलतसुद्धा नव्हती. त्या दिवशी म्हणाली, "चल, घरी जेवायला."

तोवर मोर्चा म्हटला की पुढे कोण, घोषणा कोण देतं, एवढंच मी पाहायचो. पुढे नव्या शिपायांना सांगत राहिलो, विरोध फक्त रस्त्यावर बसलेल्यांचाच असतो असं धरून चालू नका. रोज दार उघडणाऱ्यालाही ते कायमचं बंद व्हावं असं वाटत असेल. त्याला कुणी विचारलेलं नसतं, इतकंच.