मीरासाब मिस्त्रींचं आर्गन मशीन

मीरासाब मिस्त्रींनी तोंडावरचं वेल्डिंगचं हेल्मेट काढून काउंटरवर ठेवलं आणि मान हलवली.

"ह्याचीबी आर्क नाचतीया. न्हाई जमायचं."

दुकानदार काही बोलायच्या आत ते पायऱ्या उतरून रस्त्यावर आलेसुद्धा. त्यांची बायको जरीना पिशवी सावरत मागून निघाली. उद्यमनगरातलं हे तिसरं दुकान. पहिल्या ठिकाणचं मशीन जड होतं, दुसऱ्या ठिकाणी हातात धरायच्या टॉर्चची पकड बरी नव्हती, आणि आता ह्याची आर्क, म्हणजे टोकाची विजेची ज्योत, नाचत होती.

मुलगा वसीम पुण्याला कंपनीत लागल्यापासून त्यांच्या शेडमध्ये पाइप कापायचं आणि बफच्या चाकावर घासायचं काम जरीनाच करायची. मशीनची आर्क नाचली की कशी दिसते, हे तिला ठाऊक होतं. तिन्ही मशिनं चांगली होती. नाचत होता तो मिस्त्रींचा हात.

तरुणपणी मिस्त्री दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात आर्गन वायूच्या वेल्डिंगवर होते. त्यांच्या वेल्डिंगची रेघ माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसलेली असायची. त्या रेघेला ते पॉलिशसुद्धा लावू द्यायचे नाहीत. आर्गनची रेघ न घासता तशीच सोडली, की ती कोणाच्या हातची हे ह्या धंद्यातली माणसं लांबून सांगतात. पुढं त्यांनी स्वतःची शेड घातली आणि गेट, जाळ्या, ट्रॉल्या असलं लोखंडाचं काम साध्या रॉडच्या वेल्डिंगवर चालू राहिलं. त्यात हात जरा हलला तरी ग्राइंडर मारला, रंग दिला, की झाकून जातं. त्यामुळं हात कधीपासून कापायला लागला ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. जरीनाच्या आलं होतं. ती त्यांना चहा अर्धा कपच ओतायची, आणि अर्धाच का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

आता गिऱ्हाइकं स्टीलच मागतात, तेव्हा आर्गनचं मशीन शेडला लागणारच होतं. पण मिस्त्रींची घाई वेगळ्या कारणानं होती. मागच्या पावसाळ्यात लेक आफशीन डेंग्यूनं दवाखान्यात पडली, पार हाताबाहेर गेली, तेव्हा ते गल्लीतल्या पिराच्या दर्ग्यात जाऊन बोलले होते. पोर घरी आली तर मजारीभोवतीचा गंजलेला कठडा काढून स्टीलचा करीन, माझ्या हातानं करीन. पोर घरी आली. उरूस जवळ येत चालला. मन्नतीत बोललेला शब्द कमी करायचा नसतो, हे जरीना लहानपणापासून ऐकत आली होती.

चौथं दुकान यशराजचं. पोरगा तरुण, बोलायला गोड.

"बसा चाचा. चहा सांगू?"

"चहा नको," जरीना घाईनं म्हणाली.

"बरं. मग हे बघा. पल्सचं मशीन हाय. करंट आपोआप कमी-जास्त करतंय. वर पायात पॅडल, शिलाई मशीनसारखं. हाताला तरास कमी."

मिस्त्रींचा चेहरा उजळला. "पॅडल! कारखान्यात असंच हुतं बघ आमच्याकडं."

ते स्टुलावर बसले. आर्गनमध्ये टॉर्चच्या टोकाची टंगस्टनची काडी धातूच्या अगदी जवळ धरायची, पण टेकवायची नाही. टेकली, की टोक खराब होतं आणि परत ग्राइंडरवर घासून टोकदार करावं लागतं. मिस्त्रींनी आर्क काढली. काडी टेकली. यशराजनं ती घासून दिली. परत टेकली. परत घासली. जरीना ग्राइंडरचा आवाज ऐकत दाराकडं बघत उभी राहिली.

"टंगस्टन हलकं हाय तुझं," मिस्त्री म्हणाले.

"आत्ताच नवा डबा फोडलाय की चाचा."

"मग ग्यासमध्ये गडबड हाय."

यशराजची नजर त्यांच्या हातावर गेली आणि लगेच भिंतीवरच्या गणपतीच्या फोटोकडं वळली. "असंल, चाचा. सिलिंडर बदलून बघू उद्या."

तो भांडला असता तर जरीनाला बरं वाटलं असतं.

रस्त्यावर आल्यावर मिस्त्री म्हणाले, "उद्या जयसिंगपूरला जाऊ. तिथं एक दुकान चांगलं हाय म्हणत्यात."

जरीना थांबली. "जयसिंगपूरचं मशीन काय येगळ्या हातानं चालतंय?"

"काय म्हणालीस?"

"मशिनीत कायबी खोट न्हाई. मी आदीच बोलायला पायजे हुतं."

मिस्त्रींचा आवाज चढला. "मग सांग की सगळ्या उद्यमनगराला! भोंगा लावून सांग!"

"कुणाला सांगू? सगळ्यास्नी म्हाईत हाय. तुमीच तेवढं राहिलाय."

दोघं शेडवर परत आले. दुपारची अजान झाली तरी मिस्त्री पत्र्याला पाठ लावून बसूनच होते. जरीनानं कोपऱ्यात चटई टाकली आणि नमाज पढून घेतली. आपण नवऱ्याला रस्त्यात उघडं पाडलं, हे तिला सजद्यातसुद्धा टोचत होतं. चटई गुंडाळताना मागून मिस्त्रींचा आवाज आला.

"आकारामला फोन लाव."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. आकाराम कारखान्यातला जुना सोबती, अजून रोज कोणाच्या ना कोणाच्या शेडवर आर्गन मारणारा. त्याचं वेल्डिंग म्हणजे कोंबडीनं उकरल्यागत, असं मिस्त्री आयुष्यभर चारचौघांत म्हणत आले होते.

आकाराम आला तो दारातूनच ओरडत. "काय मिस्त्री! आज कोंबडीची आठवण झाली व्हय?"

मिस्त्री हसले नाहीत. "मशीन घ्यायचंय. तुझ्या हाताला कुठलं बसतंय ते बघ."

"माझ्या?" आकारामनं जरीनाकडं पाहिलं. तिनं बफचं चाक उगाच पुसायला घेतलं. त्याचं हसू हळूहळू उतरलं. "मी पॅडलवर न्हाई करत, मिस्त्री. मी उभ्यानं करतो."

"मग पॅडल नको."

संध्याकाळी तिघं यशराजकडं गेले. आकारामनं साधं, हलकं मशीन निवडलं आणि पाइपवर रेघ मारली. मिस्त्री दुसरं हेल्मेट घालून त्याच्या खांद्यामागून बघत होते.

"कोपर टेक. पळू नगंस. थेंब भरू दे... हां."

रेघ मिस्त्रींच्या जुन्या रेघेसारखी नव्हती, पण सरळ होती. मिस्त्रींनी पाइप उजेडाकडं धरला आणि किती तरी वेळ बघत राहिले.

"हेच बांध," ते यशराजला म्हणाले.

मशीन टेम्पोत चढलं. आकाराम जरा अडखळत म्हणाला, "कठडा मी करतो, मिस्त्री. तुमी निस्ता पाइप धरा. म्हंजे तुमचाबी हात लागला की."

"धरल्यावरबी हलंल की रं," मिस्त्री म्हणाले.

आकारामनं टेम्पोचं फाळकं लावलं.

"तुमी मशीन शेडवर न्या," मिस्त्री म्हणाले. "मी पिराला सांगून येतो."

जरीना मागोमाग गेली. दर्ग्यात उदाचा धूर कोंडला होता. गल्लीतली चार माणसं बसली होती, दोघं-तिघं उरसाच्या मंडपाचं बोलत होते. मिस्त्री त्या गंजक्या कठड्यापाशी उभे राहिले आणि त्यांनी दुआसाठी दोन्ही हात वर केले. हात कापायला लागले. बोलणारी माणसं वळून बघू लागली. मिस्त्रींनी हात खाली घेतले नाहीत.

ते काय बोलले, हे तिला बाहेर ऐकू आलं नाही. ती उंबऱ्याशी चपला काढून उभी होती. त्यांचा हात बरा होऊ दे, असं मागायला तिची जीभ वळेना. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि एवढंच मागितलं, की दुसऱ्याच्या हातचा कठडा कबूल करून घे.