सुनंदाची टेप

काल बदलापूरच्या दवाखान्यात नर्सने माझ्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी मी अंबरनाथच्या आमच्या रंगांच्या कंपनीत, कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन पोचले.

सर्व्हर बंद पडला होता. सगळ्या रंगांचे फॉर्म्युले आता फक्त बॅकअपच्या टेपवर होते, आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या सुनंदाने चुकून त्याच टेपवर दुसरंच काही उतरवलं होतं. तेव्हापासून तिच्याशी कोणी धड बोलत नव्हतं.

उल्हासनगर कॅम्प चारचे, कॉम्प्युटर दुरुस्त करणारे वासवानी अंकल टेपचं मशीन उघडून आतला भाग स्पिरिटने पुसत होते. बराच वेळ खटपट करून ते म्हणाले, "नया डेटा थोडा ही है. उसके आगे पुराना सब जिंदा है."

सुरुवातीचे काही रंग गेले ते गेलेच, पण बाकीच्यांची नावं एकेक करून स्क्रीनवर उमटू लागली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी पेढे आणले. सगळे सुनंदाभोवती जमले. "बघ, उगाच घाबरलीस!"

तिने शांतपणे डबा पिशवीत भरला. "मी उद्यापासून येणार नाही," ती मला म्हणाली.

"अगं, आता तर मिळालं ना सगळं?"

"हो ना. आणि लगेच सगळे बोलायलाही लागले." असं म्हणून ती चक्क हसली.

तेव्हा वाटलं, हिचं डोकं फिरलंय. आता या वयात वाटतं, तिचंच बरोबर होतं. पण मग ते हसू? ती आमच्यावर चिडली होती, की सुटले म्हणून खूश होती, हे मला अजूनही कळलेलं नाही.