मामांचं घड्याळ विलायती ठरवताना

नांदुऱ्याच्या बाजारात विलायती मालाची होळी करायचं ठरलं, तेव्हा माझी पहिली धाड घरातच पडली, मामांच्या मनगटी घड्याळावर. ते घड्याळ मामा फक्त आंघोळीला काढत.

"हे स्विस हाय बे," तबकडीच्या तळाची बारीक अक्षरं दाखवत मामा म्हणाले. "स्विस लोकायनं तुयं काय बिघडवलं?"

मी बहिष्काराच्या पत्रकांवर वाढलेलो. नुसत्या तबकडीवर विश्वास कसा ठेवणार? "झाकण उघडा."

चाकूच्या टोकानं झाकण निघालं. आतल्या चांदीवर ठसे होते: जहाजाचा नांगर, चालता सिंह आणि एक इंग्रजी अक्षर.

"झालं! ही इंग्रजांची चांदी. आमच्या पत्रकात याच ठशांची चित्रं आहेत."

"सिंह देवीचा असते," मामांनी हात जोडले. "देवीले होळीत टाकतं काय?"

बाजूलाच कुणा घड्याळजीनं सुईनं साल खरडलं होतं. दुरुस्ती केली की ते अशी खूण ठेवतात. मी वाचलं, तेराशे आणि पुढे काहीतरी.

मामा एकदम ताठ झाले. "पाह्य! सहाशे वर्सांमागं दुरुस्त झालं. तवा इंग्रज कुठी होता? जो आलाच नाई, त्याचा माल कसा असन?"

मी पत्रकात उत्तर शोधू लागलो. ते सुपात ज्वारी पाखडत बसलेल्या मामींकडून आलं.

"फसली साल हाय ते. जालन्याले मीच टाकलं होतं दुरुस्तीले."

निजामाच्या मुलखातलं हे साल इंग्रजी सालाच्या जवळजवळ सहाशे वर्षं मागे चालतं. मामांना हे चांगलं ठाऊक होतं.

"तू कोनाच्या बाजूनं बोलून राह्यली?" मामांनी मामींना विचारलं.

"घड्याळाच्या."

मी निकाल दिला: यंत्र स्विस, ते मामांचं, चांदीचं कवच इंग्रजी, ते होळीचं.

"म्हंजे गोगलगाय माही आन शंख तुया!" म्हणत मामा तडक घड्याळजीकडे गेले.

बाजाराच्या दिवशी मामा आले आणि कवच त्यांनी स्वतःच ढिगावर फेकलं. मनगटावर सुती दोरीनं बांधलेली पितळी चुन्याची डबी होती, कडेला किल्ली फिरवण्यापुरतं भोक पाडलेली. सगळ्यांदेखत त्यांनी डबी उघडून आत बसवलेल्या यंत्रावर वेळ पाहिली.

"पाचाले पेटवनार होता ना? सव्वापाच होऊन राह्यले. आन ते आगपेटी कुठची हाय बे?"

मी आगपेटीवरची अक्षरं वाचली, ती विलायती पेटी ढिगावर टाकली आणि शेजारच्या हॉटेलात निखारा मागायला पळालो.